डोक्यावरचा रुमाल आणि मतपेटी : तुर्कस्तानात बायकांच्या कपड्यांवरून इतकं राजकारण का झालं?

२ मे १९९९. अंकारामध्ये तुर्कस्तानच्या संसदेत नव्या खासदारांचा शपथविधी सुरू होता. इस्तंबूलमधून निवडून आलेल्या मर्वे कावाकची सभागृहात आल्या. वय जेमतेम तीस, अमेरिकेत शिकलेल्या कॉम्प्युटर इंजिनिअर, अंगावर साधा सूट आणि डोक्याला रुमाल.

त्या जागेवर बसतात न बसतात तोच पंतप्रधान बुलेंत एजेवित यांच्या पक्षाच्या बाकांवरून 'बाहेर, बाहेर' असा ओरडा सुरू झाला. बाकं वाजवली गेली. एजेवित स्वतः व्यासपीठावर गेले. ही जागा राज्यव्यवस्थेला आव्हान देण्याची नाही, या बाईंना त्यांची मर्यादा दाखवून द्या, अशा अर्थाचं ते बोलले. कावाकची शपथ न घेताच बाहेर पडल्या आणि पुन्हा कधीच घेऊ शकल्या नाहीत. त्याच महिन्यात त्यांचं तुर्की नागरिकत्वही गेलं. कारण दिलं गेलं की, त्यांनी परवानगी न घेता अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं होतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जी फारशी सांगितली जात नाही. नेस्रिन उनाल या दुसऱ्या पक्षाच्या खासदारही एरवी रुमाल बांधायच्या. त्यांनी तो काढून शपथ घेतली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. म्हणजे एकीला हाकललं, दुसरीचं कौतुक झालं. दोघींनाही मतदारांनीच निवडून दिलं होतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. त्या वेळच्या संसदेच्या नियमात रुमालाचा उल्लेखच नव्हता. बायकांनी स्कर्ट-सूट घालावा, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

अतातुर्कने बंदी घातली होती का?

आपल्याकडे हिजाबचा वाद पेटला की 'तुर्कस्तानात तर अतातुर्कने बंदी घातली होती आणि ती अजून आहे' असं कोणीतरी ठोकून देतं. यातल्या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत.

मुस्तफा केमाल अतातुर्क यांनी १९२५ मध्ये टोपीचा कायदा केला, तो पुरुषांसाठी. लाल फेझ टोपी बंद झाली आणि तिच्या जागी युरोपियन हॅट आली. बायकांनी बुरखा टाकावा यासाठी सरकारचा दबाव होता, भाषणं होती, काही शहरांत स्थानिक पातळीवर आदेशही निघाले. पण रुमाल बांधू नये असा देशभराचा कायदा त्या काळात झाला नाही. १९३४ मध्ये बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा आणि उभं राहण्याचा हक्क मिळाला. फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडलं, हे लक्षात घेतलं तर ही उडी केवढी मोठी होती ते कळतं.

मग बंदी आली कुठून? तर १९८० च्या लष्करी उठावानंतर. लष्कराच्या राजवटीत सरकारी नोकरांसाठी पोशाखाचे नियम निघाले आणि सरकारी कचेरीत बायकांचं डोकं उघडं हवं असं ठरलं. विद्यापीठांमध्ये कधी बंदी, कधी सूट असा लपंडाव पुढची पंधरा वर्षं चालला.

इथे एक शब्दांचा घोळ समजून घ्यायला हवा. गावाकडची बाई हनुवटीखाली गाठ मारून जो रुमाल बांधते, त्याला तुर्कीत 'बाशोर्त्यू' म्हणतात. बाश म्हणजे डोकं, ओर्त्यू म्हणजे आच्छादन. त्याला कोणाची हरकत नव्हती. आपल्याकडे आजी डोक्यावरून पदर घेते तेव्हा कोणी वळून बघत नाही, तसंच. पण शहरात शिकणारी मुलगी पिन लावून, मान आणि खांदे झाकेल असा रुमाल बांधू लागली तेव्हा त्याला 'तुरबान' म्हटलं जाऊ लागलं आणि तो राजकीय झाला. मोलकरणीच्या डोक्यावरचा रुमाल चालत होता, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीच्या डोक्यावरचा चालत नव्हता. वाद धर्मनिरपेक्षतेचा होताच, पण त्यात वर्गाचाही मोठा भाग होता. तो भाग सहसा दुर्लक्षित राहतो.

टोप्या, विग आणि समजावण्याच्या खोल्या

२८ फेब्रुवारी १९९७ ला लष्कराने पंतप्रधान नेजमेत्तीन एर्बाकान यांच्या सरकारपुढे मागण्यांची यादी ठेवली. रणगाडे रस्त्यावर न आणता सरकार पडलं. जूनमध्ये एर्बाकान यांनी राजीनामा दिला. त्यानंतर विद्यापीठांतली बंदी खऱ्या अर्थाने कडक झाली.

इस्तंबूल विद्यापीठात प्रवेशाच्या वेळी मुलींना वेगळ्या खोलीत बसवून रुमाल काढायला राजी केलं जाई. या खोल्यांना 'समजावण्याच्या खोल्या' असंच नाव पडलं. काही मुली फाटकाबाहेर रुमाल काढून आत जात, काही रुमालावर टोपी चढवत, काही चक्क विग लावत. अनेकींनी शिक्षण सोडलं. ज्यांच्या घरी पैसा होता त्या परदेशी गेल्या. रेचेप तय्यप एर्दोगान यांच्या मुलीही अमेरिकेत शिकल्या, तिथे रुमालाला आडकाठी नव्हती.

लैला शाहिन ही इस्तंबूल विद्यापीठातली वैद्यकीय विद्यार्थिनी १९९८ मध्ये थेट युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेली. २००५ मध्ये न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने निकाल तुर्कस्तान सरकारच्या बाजूने दिला. दरम्यान लैलाने व्हिएन्नात शिक्षण पूर्ण केलं. पुढे ती एर्दोगान यांच्या पक्षाकडून संसदेत निवडून गेली. कावाकची यांचा खटला मात्र त्याच न्यायालयात २००७ मध्ये उलट्या बाजूने लागला. त्यांच्या राजकीय हक्कांवर घातलेली बंधनं प्रमाणाबाहेर होती, असं न्यायालयाने म्हटलं.

हे मतांमध्ये कसं बदललं?

तुर्कस्तानातल्या निम्म्याहून जास्त बायका कुठल्या ना कुठल्या प्रकारे डोकं झाकतात. म्हणजे ज्या गोष्टीला राज्यव्यवस्था 'मागासलेपण' म्हणत होती, ती बहुतेक घरांत रोजची होती. ज्या बापाच्या मुलीला विद्यापीठाच्या फाटकावरून परत पाठवलं, त्याला जाहीरनामा वाचायची गरज नव्हती.

शिवाय या बायकाच पक्षाची फौज होत्या. १९९४ मध्ये एर्दोगान इस्तंबूलचे महापौर झाले, तेव्हा ते एर्बाकान यांच्या रेफाह पक्षात होते. घराघरांत जाऊन, चहा पिता पिता प्रचार केला तो त्या पक्षाच्या महिला कार्यकर्त्यांनी. आणि १९९५ च्या निवडणुकीनंतर त्याच पक्षाच्या खासदारांत एकही बाई नव्हती. दारोदार फिरायला बाया, सभागृहात पुरुष. हे चित्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

२००२ मध्ये एर्दोगान यांच्या नव्या एके पक्षाला ३४ टक्के मतं मिळाली आणि दहा टक्क्यांच्या अटीमुळे बाकीचे बहुतेक पक्ष संसदेबाहेर राहिल्याने जवळपास दोन तृतीयांश जागा. पण सत्ता मिळूनही रुमाल दारातच अडकला. २००३ च्या प्रजासत्ताक दिनाच्या स्वागत समारंभाला राष्ट्राध्यक्ष अहमत नेजदेत सेझेर यांनी एके पक्षाच्या खासदारांना बोलावलं, त्यांच्या रुमाल बांधणाऱ्या बायकांना नाही.

२००७ मध्ये तर हा प्रश्न थेट निवडणुकीपर्यंत गेला. अब्दुल्ला गुल राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. त्यांच्या पत्नी हायरुन्निसा रुमाल बांधत. अतातुर्कच्या निवासस्थानी रुमाल बांधलेली बाई राहणार, या कल्पनेने मोठ्या शहरांत प्रचंड मोर्चे निघाले. २७ एप्रिलच्या रात्री लष्कराने आपल्या वेबसाइटवर इशारा टाकला. एर्दोगान यांनी माघार न घेता मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि मतं ३४ वरून ४६ टक्क्यांच्या पुढे गेली. त्या एका इशाऱ्याने एके पक्षाचा जेवढा प्रचार केला, तेवढा पक्षाला स्वतःला जमला नसता.

फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेने ४११ मतांनी घटनादुरुस्ती करून विद्यापीठं खुली केली. जूनमध्ये घटना न्यायालयाने ती रद्द केली. पाठोपाठ एके पक्षावरच बंदी घालण्याच्या खटल्याचा निकाल लागला. अकरापैकी सहा न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते आणि सात लागत होते. एका मताने सत्ताधारी पक्ष वाचला.

बंदी गेली, ती अशी

२०१० मध्ये उच्च शिक्षण मंडळाच्या एका पत्राने विद्यापीठांतली बंदी गुपचूप ढिली झाली. २०१३ मध्ये बहुतेक सरकारी नोकऱ्यांतली बंदी उठली. न्यायाधीश, पोलीस आणि लष्कर यांचा क्रम शेवटी लागला. २०१५ मध्ये न्यायालयं, २०१६ मध्ये पोलीस, २०१७ मध्ये लष्कर.

३१ ऑक्टोबर २०१३ ला हजहून परतलेल्या एके पक्षाच्या चार महिला खासदार रुमाल बांधून संसदेत आल्या. कोणी ओरडलं नाही. विरोधी सीएचपी पक्षाच्या शाफाक पावेय यांनी त्या चर्चेत भाषण केलं. पावेय यांचा एक पाय कृत्रिम आहे आणि नियमाप्रमाणे त्यांनाही स्कर्टच घालावा लागत होता. रुमालाचा प्रश्न सुटल्यावर पुढच्याच महिन्यात महिला खासदारांना पँट घालायची परवानगी मिळाली. २०१३ साली!

पण एके पक्षालाही एक प्रश्न विचारायला हवा. २००२, २००७ आणि २०११ अशा तीन निवडणुका जिंकूनही या पक्षाने रुमाल बांधलेली एकही बाई संसदेत पाठवली नव्हती. २०११ मध्ये बायकांच्या एका गटाने 'रुमालवाली उमेदवार नसेल तर मतही नाही' अशी मोहीम काढली, तेव्हा ती पक्षातल्या पुरुष नेत्यांना आवडली नाही. रुमालाचा अपमान मतांसाठी उपयोगी होता. रुमाल बांधणारी बाई स्वतः तिकीट मागायला आली की मात्र 'अजून वेळ आलेली नाही' हे उत्तर. ती वेळ जून २०१५ मध्ये आली. त्या वेळी निवडून आलेल्यांमध्ये मर्वे कावाकची यांची बहीण रावझा होती. बहिणीने १९९९ मध्ये बांधलेला तोच रुमाल बांधून तिने शपथ घेतली. मर्वे यांना २०१७ मध्ये नागरिकत्व परत मिळालं आणि त्या मलेशियात तुर्कस्तानच्या राजदूत झाल्या.

मग उघड्या डोक्याच्या बायकांचं काय?

पारडं फिरल्यावर काळजी दुसऱ्या बाजूला गेली. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या बसमध्ये एका नर्सला शॉर्ट्स घातली म्हणून एका माणसाने लाथ मारली. तशा आणखी घटना झाल्या आणि जुलै २०१७ मध्ये 'माझ्या कपड्यांत नाक खुपसू नका' म्हणत बायका इस्तंबूलच्या रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यात रुमाल बांधलेल्याही होत्या. कायद्याने शॉर्ट्सवर बंदी नव्हती आणि आजही नाही. पण बसमधला माणूस कायदा बघत नाही, सत्ता कोणाची आहे ते बघतो.

२०२३ ची निवडणूक आणि एक जुनं भूत

बंदी गेल्यावर विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण भीती संपली नव्हती. 'सीएचपी आली तर रुमाल पुन्हा काढायला लावतील' हे एर्दोगान यांच्या प्रचारातलं हुकमी पान होतं. ते निष्प्रभ करायला सीएचपीचे नेते केमाल किलिचदारोग्लू यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिडिओ टाकला. पूर्वी आमच्याकडून चुका झाल्या, आता रुमालाचं स्वातंत्र्य कायद्याने पक्कं करू, असा त्यांचा प्रस्ताव होता.

डाव चांगला होता, पण एर्दोगान यांनी तो उचलून पुढे नेला. साधा कायदा कशाला, घटनाच बदलू, म्हणाले. सोबत लग्न म्हणजे फक्त स्त्री आणि पुरुष यांचंच, ही व्याख्याही त्यांनी त्याच दुरुस्तीत जोडली. विरोधक पाठिंबा देतील तर त्यांचे उदारमतवादी मतदार नाराज, नाही देतील तर 'बघा, रुमालाला विरोध'. थेट मंजुरीसाठी ६०० पैकी ४०० मतं हवी होती, सार्वमतासाठी ३६०. सत्ताधारी आघाडीकडे तेवढी नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये प्रस्ताव समितीतून पुढे सरकला, ६ फेब्रुवारीला महाभूकंप झाला आणि तो तिथेच राहिला. मे महिन्याच्या दुसऱ्या फेरीत एर्दोगान ५२ टक्के मतांनी जिंकले.

त्या निवडणुकीनंतर संसदेत बायका किती? साधारण २० टक्के. त्यांनी काय घालावं हे ठरवणारे बाकीचे ८० टक्के.

२०२४ च्या मार्चमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. प्रचारात पेन्शन, घरभाडं आणि महागाई पुढे होती, रुमाल मागे पडला होता. इस्तंबूलचा उस्कुदार हा भाग धार्मिक वळणाचा, एर्दोगान यांचं घर आणि मतदान केंद्र तिथेच. १९९४ पासून तिथली पालिका त्यांच्याच विचारांच्या पक्षांकडे होती. या वेळी तिथे सीएचपीच्या सिनेम देदेताश निवडून आल्या. व्यवसायाने इंजिनिअर आणि रुमाल न बांधणाऱ्या.