खारीने दिले की प्रार्थनेने? : 'द ग्रेट रूपर्ट'विषयी

नाताळच्या कौटुंबिक चित्रपटांकडे समीक्षा सहसा वळत नाही. ठरावीक गरिबी, ठरावीक प्रार्थना, ठरावीक चमत्कार आणि शेवटी सजवलेले झाड, एवढ्यावर त्यांचा निकाल लावला जातो. १९५० सालचा 'द ग्रेट रूपर्ट' हा अमेरिकन विनोदी चित्रपट वरकरणी याच माळेतला मणी आहे. मात्र तो कोणत्या काळात आणि कोणत्या माणसांनी घडविला हे ध्यानात घेतले, की त्यातील खार निराळी दिसू लागते. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या खारीविषयीच थोडे बोलावयाचे आहे.

कथानक असे. जो महोनी या जुन्या रंगमंचीय कलावंताने रूपर्ट नावाच्या खारीला नाच शिकविला आहे. भाडे देता न आल्याने त्याला खोली सोडावी लागते. खारीला तो बागेत सोडून देतो. ती मात्र परत येऊन त्याच घराच्या माळ्यावर राहते. रिकाम्या खोलीत कसरतींवर पोट भरणारे अमेंडोला कुटुंब बिऱ्हाड करते. कुटुंबप्रमुख लुईची भूमिका जिमी ड्युरँटीने केली आहे. घरमालक फ्रँक डिंगल याला एका खाणीतील जुन्या गुंतवणुकीचे आठवड्याला १५०० डॉलर मिळू लागतात. बँकेवर त्याचा विश्वास नाही, म्हणून नोटा तो भिंतीतील भोकात कोंबतो. भिंतीपलीकडे खारीचे घरटे आहे. या कागदांची तिला अडचण होते आणि ती ते बाहेर लोटून देते. छताच्या फटीतून नोटा खाली पडतात, त्या नेमक्या लुईची पत्नी मुलीच्या बुटांसाठी देवाला आळवीत असताना. पुढे दर गुरुवारी हे 'दान' होत राहते. लुई त्यातून परिसरातील छोट्या धंद्यांना भांडवल पुरवितो.

डिंगल हा विनोदी कंजूष असला तरी त्याचे वागणे हवेतून आलेले नाही. महामंदीच्या काळात, १९३० ते १९३३ या वर्षांत, हजारो अमेरिकन बँका बुडाल्या. ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण मिळाले ते १९३३च्या कायद्याने. महोनी आणि अमेंडोला हेही इतिहासाचेच अवशेष आहेत. गाणे, नाच, कसरती आणि नकला यांचे मिश्र खेळ करणारी 'व्हॉडव्हिल' रंगभूमी बोलपटाने जवळजवळ संपविली. ड्युरँटी स्वतः त्या परंपरेतून आला होता.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. खार हा साठवणूक करणारा प्राणी. कथेत मात्र साठवतो तो माणूस आणि साठा मोकळा करते ती खार. आपल्या अभ्यासक्रमातील पंचतंत्र येथे आठवते. 'मित्रसंप्राप्ती'तील हिरण्यक उंदराचे बीळ धनाच्या साठ्यावर असते आणि त्या धनाच्या बळावरच तो उंच उडी मारू शकतो; धन गेले की उडीही जाते. तेथे द्रव्य प्राण्याला माणसासारखे करते. रूपर्टला द्रव्य हा केवळ कचरा वाटतो. म्हणूनच तिच्या हातून ते जिथे उपयोगी पडेल तिथे पोचते.

ही कथा रचणारी माणसेही पाहावी लागतात. निर्माता जॉर्ज पाल मूळचा हंगेरीचा. १९३३ साली नाझी सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनी सोडली, हॉलंडमध्ये बाहुल्यांचे जाहिरातपट केले आणि पुढे अमेरिका गाठली. पटकथाकार लाझ्लो वाद्नाई हाही बुडापेस्टच्या विनोदी रंगमंचावरून आलेला निर्वासित. मूळ कथा कॅनडाच्या टेड ॲलनची. डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या चरित्राचा तो सहलेखक. आपल्याला बेथ्यून ठाऊक असतात ते त्यांच्यानंतर चीनमध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय सांभाळणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. दिग्दर्शक अर्व्हिंग पिशेल याला १९४७ साली अमेरिकन संसदेच्या 'अन-अमेरिकन' कारवायांच्या चौकशी समितीने समन्स धाडले होते. समितीला सहकार्य न करणारे म्हणून ओळखल्या गेलेल्या एकोणीस जणांत तो होता. साक्षीला त्याला उभे केले गेले नाही. तथापि संशयाची सावली त्याच्यावर पडली होतीच.

हे ठाऊक असले की चित्रपटाचा उत्तरार्ध वेगळा भासतो. लुईच्या दारात पोलीस, करखाते आणि एफ.बी.आय. यांची माणसे येतात. प्रश्न एकच : पैसा आला कोठून? लुईचे उत्तर प्रामाणिक आहे, स्वर्गातून. हा विनोद त्या वर्षांत निरुपद्रवी नव्हता. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) या नाताळच्याच चित्रपटातील दुष्ट सावकाराच्या चित्रणाची एफ.बी.आय.च्या कागदपत्रांत संशयाने नोंद झाली होती. 'द ग्रेट रूपर्ट'मध्ये धनिकाचा पैसा गरिबांत वाटला जातो. पण तो कोणी मागत नाही, हिसकावत नाही, किंबहुना कोणी देतही नाही. अपराध शोधायला आलेल्यांच्या हाती माणूस लागत नाही. हे रूपक जाणीवपूर्वक योजले होते असा आमचा आग्रह नाही. जे माणसाच्या तोंडी घालणे जड गेले असते, ते मुक्या प्राण्याकडून करवून घेणे ही प्राणिकथेची जुनीच रीत आहे. या रीतीची मर्यादाही तेवढीच जुनी. डिंगलला द्यावेसे वाटले असते तर काय झाले असते, हा अवघड प्रश्न खार त्याच्यावरून उचलून घेते.

म्हणून पालचे तंत्र येथे शोभेपुरते राहत नाही. त्याच्या आधीच्या लाकडी बाहुल्यांच्या लघुपटांना ऑस्करचा विशेष सन्मान लाभला होता. त्या बाहुल्या उघडपणे बाहुल्याच होत्या. रूपर्ट मात्र एकेक चित्रचौकट टिपून हलविलेली, खऱ्या खारीसारखी दिसणारी बाहुली आहे. ती नटांच्याच जगात वावरते. चमत्काराला असे भौतिक कारण मिळाल्याने प्रेक्षकाला पात्रांहून अधिक कळते. खाली गुडघे टेकलेली स्त्री देवाचे आभार मानते आणि आपण वर खारीचे पाय पाहत असतो. पुढे घराला आग लागते, पैसे जळाले असे डिंगल समजतो, आणि खरा हिशेब प्रेक्षकापाशीच उरतो.

या शतकाच्या आरंभी हा चित्रपट रंगीत करून 'अ ख्रिसमस विश' या नावाने नव्याने बाजारात आला. नाताळाच्या विक्रीला हे नाव सोयीचे, यात शंका नाही. परंतु मूळ शीर्षक श्रेय खारीला देत होते, नवे ते इच्छेला देते. 'पैसा आला कोठून' या प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. पहिल्यात भिंत, भोक, नोटा आणि त्यांचा मालक दिसत राहतात. दुसऱ्यात केवळ प्रार्थना उरते. शीर्षक हा संहितेचाच भाग असतो असे आपण वर्गात सांगतो. त्याचे इतके साधे उदाहरण क्वचितच सापडेल.