वृद्ध अश्वाची कंडू

घोडा म्हातारा झाला म्हणजे त्याचें काय करावें, हा प्रश्न मनुष्यजातीनें फार जुन्या काळापासून टाळीत आणलेला आहे. अश्वाच्या लक्षणांवर, भोंवऱ्यांवर, चालींवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. पण वीस वर्षें चाकरी करून थकलेलें जनावर खांबाला अंग घाशीत उभें राहिलें, तर त्याकडे पाहण्यास फारशी कोणास सवड नसे. याला एक सन्मान्य अपवाद आमच्याच देशांतला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक प्रकरण आहे. युद्धानें, रोगानें किंवा जरेनें निकामी झालेल्या घोड्यांस पोटापुरतें खाणें द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. आणि वैद्याच्या हयगयीनें रोग बळावल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड त्याच्यावर बसविला आहे. हा दंड आजच्या काळींहि कांहीं ठिकाणीं उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें!

ज्या शालिहोत्र ऋषीच्या नांवावर आमचें अश्ववैद्यक चालतें, त्याचें नांव पुढें घोड्याच्या वैद्यासच लागलें व त्याचा 'सालोत्री' झाला. कलकत्त्यास १७८८ सालीं या विद्येचें जें इंग्रजी भाषांतर छापून निघालें, त्याच्या मथळ्यांतहि हाच अपभ्रंश आहे. सभासदाच्या बखरींत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद आहे. व्यवस्था उत्तम, पण आमच्या मतें मोहिमेवरील घोडा म्हातारा होईपर्यंत सहसा जगतच नसे. ज्या रोगाविषयीं येथें लिहावयाचें आहे तो बहुधा पंधरा वर्षांच्या पुढें दिसतो. सुरक्षित तबेला व दीर्घ आयुष्य लाभलेल्या घोड्यांचा तो रोग होय.

त्याचें दर्शन विलक्षण असतें. उन्हाळा आला तरी घोड्याचे हिवाळी केस झडत नाहींत. ते लांब, दाट व कुरळे होतात. पाठीचें मांस उतरतें, पोट सुटतें, पाणी फार लागतें, खुरांच्या आंतल्या थराचा दाह होऊन घोडा लंगडूं लागतो. या सर्वांचें मूळ मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष-ग्रंथींत असतें. या ग्रंथीच्या मधल्या भागावर मेंदूंतून येणारे कांहीं मज्जातंतु डोपामीन नामक द्रव्याच्या द्वारें लगाम ठेवितात. वयोमानानें हे तंतु झिजतात, लगाम सुटतो, आणि ग्रंथि आपले अंतःस्राव बेसुमार ओतूं लागते.

आतां कंडूविषयीं. ती बहुतेक वेळां या रोगाच्या पाठोपाठ येते. दाट केसांखालीं घाम मुरतो, त्वचा ओली राहते, शरीराची प्रतिकारशक्ति खालावलेली असते. मग उवा, खरजेचे किडे व जंतु यांस ती मोकळी धर्मशाळाच होते. म्हणून पहिला उपाय कात्रीचा: केस कापावे, औषधी पाण्यानें धुवावें, व अंग पुरतें कोरडें करावें. खराराहि हलक्या हातानें करावा, कारण त्वचा नाजूक झालेली असते.

कात्रीचा अतिरेकहि इतिहासांत नमूद आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्सच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याच्या घोड्यांत खरूज माजली. किडा मारण्यासाठीं घोड्यांचें अंग कातरून त्यांस चुना व गंधक यांच्या द्रावणाच्या हौदांतून बाहेर काढीत. खरूज आटोक्यांत आली, परंतु १९१७ च्या वसंतऋतूंत अरासच्या लढाईच्या वेळीं हिमवृष्टि झाली, आणि आधींच अर्धपोटीं असलेले ते कातरलेले घोडे गारठून मोठ्या संख्येनें मेले. म्हाताऱ्या घोड्याचे केस कापल्यावर थंडींत झूल घालण्याची जी काळजी घेतात, तिची किंमत त्या चिखलांत कळली असेल.

या रोगास लोक 'कुशिंगचा रोग' म्हणतात. हार्वे कुशिंग हा अमेरिकन शस्त्रवैद्य. १९१२ सालीं पीयूष-ग्रंथीच्या विकारांवर त्याचा ग्रंथ निघाला आणि १९३२ सालीं त्यानें मनुष्यांतील रोगाचें प्रसिद्ध विवेचन केलें. मनुष्यांत बिघाड ग्रंथीच्या पुढच्या भागांत असतो, घोड्यांत मधल्या. म्हणून पशुवैद्य हल्लीं हें नांव टाळूं पाहतात. लोकांच्या तोंडचें नांव मात्र सुटत नाहीं. डोपामीनचें मेंदूंतील कार्य स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनीं १९५७ च्या सुमारास दाखविलें. पुढें मनुष्याच्या कंपवातासाठीं 'पर्गोलाइड' हें डोपामीनचें काम करणारें औषध निघालें. त्यानें हृदयाच्या झडपा बिघडतात असें आढळून आल्यावर २००७ सालीं अमेरिकेंत तें मनुष्यांसाठीं विक्रींतून काढण्यांत आलें. आणि २०११ सालीं त्याच देशांत घोड्यांसाठीं त्यास रीतसर मान्यता मिळाली. माणसांनीं टाकलेलें औषध घोड्याच्या वांट्यास येऊन त्याला इतकें लाभावें, हा योगायोग मौजेचा खरा. गोळी रोज व जन्मभर द्यावी लागते. प्रथम कांहीं घोड्यांची भूक मंदावते, मग केस झडूं लागतात.

खाज तात्काळ थांबवणारीं स्टेरॉइड औषधें या घोड्यांस देण्यास मात्र पशुवैद्य कचरतात. त्यांनीं खाज जाते, पण खुरांचा दाह उसळण्याची भीति असते. याच भीतीनें चंदी मोजून देतात, आणि मोतद्दार प्रेमानें पुढें करितो तो गुळाचा खडा अशा घोड्यास वर्ज्य सांगतात.