‘विक्रम’ अखंड आहे : एका मथळ्याचा इतिहास

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दोनच्या सुमारास, चांद्रपृष्ठापासून २.१ किलोमीटर उंचीवर असताना चांद्रयान-२ च्या ‘विक्रम’ लँडरचा संपर्क तुटला. ९ सप्टेंबरला देशभरच्या माध्यमांत मथळे झळकले : ‘विक्रम’ एकसंध आहे, फक्त कललेला आहे. वृत्ताचा आधार इस्रोचा एक अनामिक अधिकारी होता. अनेक मथळ्यांपर्यंत येता येता हा अधिकारी गळून पडला आणि ‘इस्रो’ एवढेच उरले. १० सप्टेंबरला इस्रोने अधिकृतपणे सांगितले ते इतकेच की, ऑर्बिटरने लँडरचे स्थान शोधले आहे, संपर्क अद्याप झालेला नाही. अखंड की भग्न, याविषयी एक अक्षरही त्यात नव्हते.

वस्तुतः शंका घेण्यास शालेय भौतिकशास्त्र पुरेसे होते. चंद्रावरील गुरुत्वत्वरण सेकंदवर्गास १.६२ मीटर. इंजिने बंद पडली असे मानले, तर २.१ किलोमीटरवरून अगदी शून्य वेगाने सुटलेली वस्तूही सेकंदाला सुमारे ८२ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर वेगाने आदळते. ‘विक्रम’चे पाय मात्र सेकंदाला २ मीटर वेगाच्या अवतरणासाठी घडवलेले होते. तो अखंड असायचा, तर संपर्क तुटल्यावरही इंजिनांनी आपले काम जवळपास अचूक पार पाडलेले असायला हवे होते. हे ‘तर’ मथळ्यांत कुठेच नव्हते. चांद्ररात्र सुरू होईपर्यंत वाचक मात्र संपर्काची वाट पाहत राहिले.

नोव्हेंबरमध्ये सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिले. पहिल्या टप्प्यात वेग सेकंदाला १,६८३ मीटरवरून १४६ मीटरवर नियोजनानुसार आला; दुसऱ्या टप्प्यात तो अपेक्षेपेक्षा अधिक घटला, पुढचे गणित बिघडले आणि लँडर नियोजित स्थळापासून ५०० मीटरच्या आत आदळला. ‘हार्ड लँडिंग’ हा त्यातील शब्दप्रयोगही तसा सौम्यच. डिसेंबरच्या आरंभी नासाने छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत कित्येक किलोमीटरवर विखुरलेले अवशेष होते. पहिला तुकडा चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यम यांनी हुडकला होता. तेव्हा वाद रंगला तो आधी कोणी शोधले यावर. ‘एकसंध’ या शब्दाचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही.

दोष केवळ पत्रकारांचा म्हणता येणार नाही. संस्थेच्या मौनानेच अनामिक सूत्रांना जागा करून दिली. अपघाताची सविस्तर कारणे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जुलै २०२३ मध्ये, चांद्रयान-३ च्या उड्डाणाच्या तोंडावर, उघडपणे मांडली : पाच इंजिनांचा अपेक्षेहून अधिक रेटा, साचत गेलेल्या त्रुटी आणि उतरण्यासाठी आखलेली अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटरची जागा. नव्या लँडरचे पाय सेकंदाला ३ मीटर वेग सोसतील असे बनवले होते.