आधी परीक्षण, मग सिनेमा

अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की पुढे लोहा तालुका येतो. त्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांनी गावाच्या पाण्यासाठी केलेल्या धडपडीवर आदिनाथ कोठारे यांनी ‘पाणी’ हा सिनेमा केला. 2019 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक चित्रपटाचा मान त्याला मिळाला. थिएटरात तो लागला 18 ऑक्टोबर 2024 रोजी. मधल्या काळात अहमदपूरकरांना शेजारच्या तालुक्याची गोष्ट वर्तमानपत्रातूनच वाचावी लागली. आधी बातमी, मग कौतुक, सिनेमा सगळ्यात मागून.

स्वतंत्र सिनेमाच्या बाबतीत हा क्रम आपल्याकडे नेहमीचाच. ‘कोर्ट’ने 2014च्या सप्टेंबरात व्हेनिसला दोन पुरस्कार घेतले, इथे तो एप्रिल 2015मध्ये आला. ‘स्थळ’ 2023ला टोरांटोत गाजला आणि मार्च 2025मध्ये प्रदर्शित झाला, तोही सगळ्या गावांत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या वाचकासाठी परीक्षण म्हणजे तिकीट काढावं की नाही याचा सल्ला नसतो. न पाहिलेल्या सिनेमाचा तो एकुलता एक साक्षीदार असतो. साक्षीदारानं आधी काय पाहिलं ते सांगावं, निवाडा नंतर. आपल्याकडे पुष्कळदा उलटं होतं. साक्षीदार येतो, साडेतीन तारे आणि चार विशेषणं ठेवतो आणि घरी जातो.

परीक्षणाच्या या विद्येत नव्यानं येणाऱ्याला मोकळ्या रानात उतरल्यासारखं वाटायचं कारण नाही. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. सुधीर नांदगावकरांनी फिल्म सोसायटीची चळवळ आयुष्यभर वाहिली, मंडळाच्या ‘रूपवाणी’ या नियतकालिकानं सिनेमावर गंभीरपणे लिहायला जागा दिली. पुण्यात सतीश बहादुरांनी दृश्य कसं वाचायचं ते पिढ्यांना शिकवलं. अरुण खोपकरांचं गुरुदत्तवरचं पुस्तक तर अजूनही पहिल्यांदा हातात द्यावं असं. आणि हे सारं मुंबई-पुण्याचं म्हणून बाजूला सारू नका. जागतिक सिनेमावर मराठीत मनापासून लिहिणारे विजय पाडळकर नांदेडचेच.

आता प्रत्यक्ष कामाचं पाहू. ‘कोर्ट’च्या शेवटाकडे एक जागा आहे. सुनावणी संपते, माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा मात्र त्या रिकाम्या, अंधारलेल्या दालनात बसून राहतो. सिनेमा संपला असं वाटून प्रेक्षक चपला शोधायला लागतो, आणि मग न्यायाधीशांची सुट्टी सुरू होते. ‘न्यायव्यवस्थेवर जळजळीत भाष्य’ असं लिहिणाऱ्यानं यातलं काहीच सांगितलेलं नसतं. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, कुणाची बाजू घेऊन कुणाच्या चेहऱ्याला चिकटत नाही, हे सांगायला हवं. बाहेरचा समीक्षक याला संयत शैली म्हणेल. ज्यानं तालुक्याच्या कोर्टात बाकड्यावर बसून पुढची तारीख ऐकली आहे, त्याला ती तारखेला आलेल्या माणसाची नजर वाटेल. मला तरी हे दुसरं वाचन जास्त खरं वाटतं.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ 2025मध्ये सनडान्सला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो आणि लहानपणचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. त्यांच्यातल्या हळुवार नात्यावर जगभर लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. पण सुतक पाळलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. सुतकाचं घर कधीच रिकामं नसतं. नातेवाईक, नियम, आणि त्यातच ‘लग्नाचं काय?’ हा प्रश्न. अशा घरात दोघांना एकांत मिळणार कुठून? सिनेमात पार्श्वसंगीत नाही, म्हणून ही घराची गजबज आणि बाहेर रानातली शांतता या दोन्ही कानाला वेगळ्या लागतात. रूढी आणि शैली इथे एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत.

मात्र गावचा असणं म्हणजे समीक्षक असणं नव्हे. ‘आमच्याकडं असं नसतंय’ हा शेरा झाला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये चंद्रपूरकडच्या सविता या मुलीला पाहायला पाहुणे पुन्हा पुन्हा येतात आणि तेच प्रश्न विचारतात: नाव, शिक्षण, उंची. ‘तेच तेच दाखवायलेत’ म्हणून कंटाळणाऱ्या प्रेक्षकानं बरोबर पाहिलं, फक्त एक पायरी आधी थांबला. तो कंटाळा सविताचा आहे, आणि दिग्दर्शकानं तो मोजून मापून आपल्या मांडीवर ठेवला आहे.

पुन्हा ‘पाणी’कडे येतो. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस घागरी घेऊन काढलेला प्रेक्षक हा सिनेमा कसा पाहील? गावात पाणी नाही म्हणून नायकाचं लग्न अडतं, आणि तिथून कामाला जोर येतो. मला वाटतं, प्रेमकथेला दिलेला थोडा वेळ खोदकामाला मिळायला हवा होता. पाणी अडवण्यातला खरा ताण टिकावाच्या दहाव्या दिवशी असतो, पहिल्या दिवशी नाही. यावर लोह्याकडचा कुणी म्हणेल, ‘लग्न अडल्याबिगर टिकाव कोण उचलायलंय? तुमाला काय कळायलंय त्यातलं!’ तसं असेल, तर पुढचं परीक्षण त्यानं लिहावं.