कुटुंबाला आधार, बालकाला आसरा

घरावर आर्थिक संकट आले, की त्याची पहिली झळ मुलांना बसते. दुधाचा रतीब बंद होतो, थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी शाळा सोडते आणि कुटुंब कामाच्या शोधात बाहेर पडले, की मुलाचे नाव केवळ पटावर उरते. त्यामुळे कुटुंबाला मिळणारे साह्य हे बालकल्याणाचेही साधन ठरते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत अशा साह्याची मोठी परंपरा आहे.

शिक्षणासह निवारा

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. विविध जातींची गरीब मुले तेथे एकत्र राहून शिकली. मुलाच्या जेवणाचा व शिक्षणाचा भार समाजाने उचलल्यास गरिबी शिक्षणाच्या आड येत नाही, हे त्यातून दिसले.

पालकांच्या हाताला काम

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर (ता. तासगाव) येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळानंतर ही योजना राज्यभर विस्तारली. १९७७ मध्ये संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत गावाजवळ काम मिळणे याचा अर्थ स्थलांतर टळणे, म्हणजेच मुलांची शाळा टिकणे असा होतो. कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय यांची तरतूदही महत्त्वाची होती. सांभाळणारे कोणी असले, तर थोरल्या मुलीला शाळेत जाता येते.

घरातच संगोपन

पालकांपैकी एक किंवा दोघे गमावलेल्या, अथवा पालकांच्या दुर्धर आजारामुळे निराधार झालेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. मुलाला संस्थेत न पाठवता आई, आजी-आजोबा किंवा अन्य नातेवाइकांकडेच वाढू द्यावे, हा तिचा गाभा आहे. पूर्वी दरमहा ४२५ रुपये असलेले अनुदान टप्प्याटप्प्याने वाढून २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. बालकल्याण समितीच्या मान्यतेने हा लाभ मिळतो. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. निराधार विधवांसाठी १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचे मासिक साह्य २०२३ मध्ये १,५०० रुपये करण्यात आले.

नियमितपणाचे महत्त्व

अनुदान वेळेवर आले, तरच आईला महिन्याचे धान्य, वह्या आणि औषधे यांचे नियोजन करता येते. चार महिन्यांची रक्कम एकदम हाती पडली, तर ती आधीची उधारी फेडण्यातच संपते. तोवर मूल एखाद्या हॉटेलात वा वीटभट्टीवर कामाला लागलेले असते. म्हणून साह्याचे मोल केवळ रकमेवर ठरत नाही. त्या आधारे मूल शाळेत आणि आपल्या माणसांत राहिले का, हीच त्याची खरी कसोटी होय.