शेपटी न टाकणारी जलपरी

अभिनेत्री ग्लिनिस जॉन्स ४ जानेवारी २०२४ रोजी गेल्या. वयाची शंभरी त्यांनी पूर्ण केली होती. 'मेरी पॉपिन्स'मधल्या मुलांची आई म्हणून बहुतेकांनी त्यांची आठवण काढली. मला मात्र आठवली त्यांची 'मिरांडा'. १९४८चा हा कृष्णधवल ब्रिटिश चित्रपट आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. म्हणून तो पुन्हा पाहायला घेतला.

गोष्ट साधी आहे. लंडनचा डॉक्टर पॉल बायकोला घरी ठेवून कॉर्नवॉलच्या समुद्रावर मासेमारीला जातो आणि स्वतःच एका जलपरीच्या हाती सापडतो. लंडन दाखवशील तरच सोडीन, ही तिची अट. मग तो तिला घरी आणतो. ही पायांनी अधू असलेली रुग्ण आहे, असं सांगून चाकाच्या खुर्चीत बसवतो. लांब झग्याखाली शेपटी झाकलेली. ही शेपटी डनलॉप कंपनीने बनवली होती; श्रेयनामावलीत तसा उल्लेखही आहे!

दिग्दर्शक केन अॅनाकिन यांनी हे चित्र रंगवलं ते युद्धाने थकलेल्या देशात. तेव्हा ब्रिटनमध्ये पावसुद्धा रेशनवर होता. मासळी मात्र रेशनवर कधीच आली नाही. अशा दिवसांत ही बाई कच्ची मासळी मिटक्या मारत खाते, तेव्हा प्रेक्षकांना काय वाटलं असेल!

घरातले पुरुष तिला उचलून न्यायला टपलेले. लग्न ठरलेले दोघे तर आपल्या वाग्दत्त वधूंनाही विसरतात. बिचारी पांगळी, आपल्याशिवाय तिचं कसं होणार, असं प्रत्येकाला वाटतं. निवड मात्र तीच करत असते. तिचं खरं रूप कळल्यावर मनापासून आनंदते ती एकटी नर्स. मार्गारेट रदरफोर्ड यांनी ती झकास उभी केली आहे.

या हसण्यात एक काटा आहे, तो डॉक्टरच्या बायकोचा. ही भूमिका गूगी विदर्स यांची. त्यांचा जन्म १९१७मध्ये कराचीत झाला. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती. नवऱ्याच्या दयाळूपणाचा अर्थ तिला हळूहळू कळत जातो. तिच्याकडे पाहताना हसू ओठांवरच थांबतं.

अँडरसनच्या १८३७च्या कथेत जलपरी पायांसाठी आवाज देऊन टाकते आणि शेवटी फेस होते. कवी म्हणून मला तो सौदा नेहमीच महाग वाटला. ग्लिनिस जॉन्सचा तो किंचित घोगरा, लाडिक आवाज ऐकला की जाणवतं, मिरांडाने काहीच दिलेलं नाही. ना आवाज, ना शेपटी. बिंग फुटतंय म्हटल्यावर ती खुर्ची ढकलत नदीकडे जाते आणि पाण्यात उडी घेते. शेवटच्या दृश्यात ती खडकावर बसलेली दिसते, मांडीवर शेपटीवालं बाळ. बाप कोण, हे चित्रपट सांगत नाही. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची रेषही नाही.

प्रेमासाठी स्त्रीने काहीतरी कापून द्यायलाच हवं, असं मानणाऱ्या किती गोष्टी आपण ऐकत आलो! त्यात ही एक हसरी, न कापलेली गोष्ट.