बालगीताची फिर्याद

भालकी तालुक्यातील एका देवळाच्या जत्रेत पोरांनी, पावसाला पैशाचे आमिष दाखविणारे ते जुने बालगीत फिरवून म्हटले. पावसाच्या जागी नळ आला आणि खोट्या पैशाच्या जागी पुढाऱ्याचे आश्वासन. मंडळी हसली; एक वयोवृद्ध पंच मात्र रुष्ट झाले. देवाच्या अंगणात लेकरांच्या गाण्याची अशी विटंबना चालावी काय, असे त्यांनी आम्हांस वकील म्हणून विचारले.

हा प्रश्न न्यायासनापुढे पूर्वीच येऊन गेला आहे. डिसेंबर १८१७ मध्ये लंडनला विल्यम होन या पुस्तकविक्रेत्यावर लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले. प्रार्थनापुस्तकाच्या घाटावर त्याने मंत्र्यांची थट्टा केली होती, आरोप धर्मनिंदेचा. होनने वकील दिला नाही. (आमच्या व्यवसायास हे फारसे भूषणावह नव्हे!) जुनी विडंबने कोर्टात वाचून त्याने दाखविले की, विडंबनाचा साचा एक असतो आणि लक्ष्य दुसरे. ज्यूरीने तिन्ही वेळा त्यास निर्दोष ठरविले. पुढे १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सभेवर सरकारी घोडेस्वार तुटून पडले, तेव्हा याच होनने जॅकने बांधलेल्या घराच्या बालगीताच्या चालीवर, क्रूकशँकच्या चित्रांसह, राज्यकर्त्यांवर पुस्तिका काढली. कडीस कडी जोडणारे ते गीत ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही पाठ होते; तिच्या पन्नासाहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

अर्थात यासाठी लंडन गाठण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात, बिदरास बरीदशाही असता, पैठणास एकनाथांनी हुतूतू, फुगडी अशा पोरखेळांवर भारुडे रचली. खेळ तोच, अर्थ प्रपंच-परमार्थाचा. त्यांचे ‘अर्जदस्त’ तर आम्हां कोर्टकचेरीच्या लोकांस विशेष प्रिय. शरीराबाद परगण्याचे जिवाजी शेखदार व बुधाजी कारकून वर अर्ज करतात की, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण सरकारकाम चालू देत नाहीत! थट्टा विकारांची खरी. पण दफ्तरशाहीलाही चिमटा बसतोच. निजामी अमदानीत, १९४८ पर्यंत, आमच्या बिदर-कलबुर्गीकडे दफ्तराची भाषा उर्दू होती. त्यामुळे या फारसी शब्दांची खुमारी आमच्या वडीलधाऱ्यांस टीपेवाचून कळे. हे अर्जदस्त ऐकून कोणी अर्जाचा अपमान झाला असे म्हटले नाही.

पंचांस आम्ही हेच सांगितले. पोरांनी पावसाच्या गाण्यास हसविले नाही. न आलेल्या पाण्यास हसविले. तिसऱ्या कडव्यात मात्र त्या पुढाऱ्याच्या लंगड्या पायाचा उल्लेख होता. तेवढे कडवे आम्ही पोरांस वगळावयास लावले.